‘सायकलवाले हायस्पीड रस्त्यावर येतातच कशाला?’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

परत ते फॉरवर्ड फिरायला लागलंय. कुठे एखाद्या सायकलवाल्याला गाडीने मागून उडवल्याची बातमी आली की हे हमखास येतं आणि खाली लोक ‘अगदी बरोबर’ म्हणून जातात. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: वेगवान रस्ते गाड्यांसाठी असतात, सायकलवाले टॅक्स भरत नाहीत, कडेने जायचं सोडून मध्ये येतात, दोघं दोघं गप्पा मारत चालतात, नियम पाळत नाहीत, हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट घालत नाहीत आणि एवढं करून अपघात झाला की दोष मात्र मोठ्या गाडीवाल्याच्या माथी, तेव्हा आपला जीव ज्याने त्याने सांभाळावा. मी गाडी पण चालवतो आणि सायकल पण, आणि मला या मेसेजचा खरंच राग येतो, कारण तो वाचून डोकं तयार झालेला माणूस उद्या एखाद्या सायकलला घासून जाईल आणि वर त्याला वाटेल की आपलं काही चुकलंच नाही.

आता एकेक मुद्दा घेऊ.

‘वेगवान रस्ते गाड्यांसाठीच असतात.’ यात थोडं खरं आहे ते आधी मान्य करतो. ज्या महामार्गांवर चढायला उतरायला ठरलेल्याच जागा असतात, मध्ये चौक नसतात, तिथे सायकलला बहुतेक देशांत बंदीच आहे, रस्ता वाहतुकीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही तसंच लिहिलंय, आणि ते योग्यच आहे, तिथे सायकल नकोच. पण आपण ज्याला वेगवान रस्ता म्हणतो तो बहुतेक वेळा तसला नसतोच, तो साधा दोन लेनचा रस्ता असतो, एक जायची एक यायची, ज्यावर गाड्या ८०-९० ने पळतात आणि दोन गावांना जोडणारा दुसरा रस्ता नसतो. त्याच १९६८ च्या करारात सायकलला स्पष्टपणे वाहन म्हटलंय, दोन किंवा जास्त चाकांचं, माणसाच्या ताकदीवर चालणारं वाहन. म्हणजे ज्या रस्त्यावर सायकलला बंदी नाही तिथे ती कुणाच्या मेहेरबानीवर चालत नसते. शिफ्ट संपवून घरी जाणारा कामगार त्या रस्त्याने जातो कारण घर त्याच रस्त्याला आहे.

टॅक्सचं पटकन सांगून सोडतो. बहुतेक ठिकाणी रस्ते सगळ्यांच्या करातून होतात, ब्रिटनमध्ये तर गाड्यांवरचा कर फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवायची पद्धत १९३७ सालीच बंद झाली तरी ‘रोड टॅक्स’चा वाद तिथे आजही चालू आहे. आणि रस्ता झिजवण्याचा हिशेब करायचाच असेल तर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचणी झाली होती, त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की एका आसावर (अ‍ॅक्सलवर) जेवढं वजन पडतं त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्ता झिजतो. दीड टनाची गाडी आणि माणसासकट शंभर किलोची सायकल घ्या, आसावरचं वजन १५ पट आणि झीज ५० हजार पटीच्या आसपास. सायकलवाल्याने त्या हिशेबाने किती भरायचं ते तुम्हीच ठरवा.

‘कडेने का जात नाहीत?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि गाडीच्या काचेतून बघणाऱ्याला याचं उत्तर दिसणं शक्यच नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कड म्हणजे रस्त्याचा कचराच असतो. गाड्यांच्या चाकांनी उडालेली बारीक खडी, फुटलेल्या काचा, टायरमधल्या तारा, सगळं वाऱ्याने कडेला जाऊन बसतं. पाणी जायच्या जाळ्या तिथेच. पांढऱ्या पट्टीवर ओल असली की टायर सटकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डांबराची धार. रस्त्यावर थरावर थर चढवतात पण साइडपट्टी भरत नाहीत, मग डांबर आणि माती यात दोन-तीन इंचांची पायरी तयार होते. चाक एकदा खाली उतरलं की परत वर यायला धडपडायचं, सायकल रस्त्याला जवळजवळ समांतर असते, त्यामुळे पुढचं चाक धारेवर चढत नाही, ते धारेला घासत राहतं आणि हँडल फिरून माणूस रस्त्याच्या आतल्या बाजूला पडतो, म्हणजे नेमका मागून येणाऱ्या गाडीसमोर. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो परत कधी अगदी धारेवरून जाणार नाही. म्हणून सायकलवाला कडेपासून पाऊण ते एक मीटर आतून चालतो. तो तुमची वाट अडवत नाहीये, चुकून तोल गेला तर सावरायला जागा ठेवतोय.

आणि अगदी कडेने चालण्यात दुसराही धोका आहे. तुम्ही जितके कडेला सरकता तितकं मागच्याला वाटतं की याच लेनमधून आपली गाडी निघेल, स्टिअरिंग न हलवता निघेल. निघत नाही. हे गणित मी खूप जणांना कागदावर करून दाखवलंय, इथेही करतो. सायकलचं चाक कडेपासून पाऊण मीटरवर, हँडलचा अर्धा भाग ३० सेंटीमीटर धरा, झाला एक मीटर पाच सेंटीमीटर. मध्ये दीड मीटर अंतर. मग गाडी, आरशांसकट दोन मीटर. बेरीज साडेचार मीटर. लेन असते साडेतीनची. म्हणजे सायकल कितीही कडेला असली तरी व्यवस्थित ओव्हरटेक करायचा तर शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं, आणि त्यासाठी ती लेन समोरून रिकामी असावीच लागते.

आता हेच गणित ‘दोघं दोघं चालतात’ या मुद्द्याला लावा. दुसरा सायकलवाला शेजारी आला की फार तर मीटरभर वाढतं, साडेपाच मीटर. तुम्ही पलीकडच्या लेनमध्ये जाणारच होतात, आता थोडं जास्त जाल एवढंच. उलट आठ जण एकामागे एक असतील तर रांग वीस-पंचवीस मीटरची होते, जोडीने असतील तर त्याच्या निम्मी, म्हणजे तुम्हाला उलट्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, २०२२ साली जो बदल केला त्यात हे आलंय की मोठ्या ग्रुपमध्ये किंवा बरोबर लहान मुलं असताना शेजारी शेजारी चालवणं जास्त सुरक्षित ठरू शकतं. अर्थात वळणावर, अरुंद रस्त्यावर मागे गाड्या साचल्या असतील तर एका रांगेत यावं, हे मी आमच्या पोरांनाही सांगतो आणि जे ऐकत नाहीत त्यांच्याशी भांडतोही.

दीड मीटर हा माझ्या मनाचा आकडा नाहीये. फ्रान्समध्ये शहराबाहेर दीड मीटर, स्पेनमध्ये दीड मीटर आणि २०२२ पासून एका दिशेला दोन लेन असतील तर पूर्ण लेन बदलायची, जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर. शहराबाहेर जास्त का, तर वेग वाढला की हवाही मारते. मोठा ट्रक जवळून ८० ने गेला की आधी हवेचा लोट सायकलला बाहेर ढकलतो, माणूस आपोआप आत झुकून तोल सांभाळतो आणि नेमक्या त्याच वेळी ट्रकची मागची बाजू जाते आणि हवा आत ओढते. धक्का न लागताही माणूस चाकाखाली जाऊ शकतो.

मेसेजमध्ये न लिहिलेला पण प्रत्येक ओळीच्या मागे असलेला मुद्दा म्हणजे खोळंबा. माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. समजा समोरून गाड्या येतायत म्हणून तुम्हाला तीनशे मीटर सायकलच्या मागे २० च्या स्पीडने जावं लागलं. ८० ने गेला असतात तर १४ सेकंद लागले असते, आता ५४ लागले. चाळीस सेकंद गेले, आणि तीनशे मीटर अडकून पडणं हे तसं जास्तच झालं, बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत वाट मिळते. पुढच्या सिग्नलला, टोलला, पेट्रोल पंपावर तोच माणूस याच्या कितीतरी पट वेळ शांतपणे थांबतो. ट्रॅक्टर पुढे असेल तरी थांबतो, कारण ट्रॅक्टरला धडकलं तर आपली गाडी चेपेल हे त्याला माहीत असतं. सायकलला धडकलं तर आपल्याला काही होत नाही. समोरून येणारे ओव्हरटेकवाले बघा, समोर ट्रक दिसला तर गप्प मागे राहतात आणि सायकल दिसली तर डिपर मारत सरळ अंगावर येतात, जणू रस्ता रिकामाच आहे, आणि सायकलवाल्याला मातीत उतरावं लागतं. रस्ता तोच, नियम तोच. फरक फक्त कोणाला लागणार याचा.

‘सायकलवाले नियम पाळत नाहीत.’ काही जण नाही पाळत, सिग्नल तोडतात, रात्री लाईटशिवाय फिरतात, उलट्या बाजूने येतात. हे धोकादायक आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण एखादी गाडी लाल सिग्नल तोडून गेली तर आपण म्हणतो ‘तो पांढऱ्या गाडीवाला मूर्ख होता’ आणि सायकल गेली तर म्हणतो ‘हे सायकलवाले असलेच’. एकाची चूक सगळ्यांच्या नावावर आणि मग त्या नावाखाली नियमाने चालणाऱ्यालाही कट मारायला मोकळे. ऑस्ट्रेलियात २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना माकडापासून माणसापर्यंत किंवा किड्यापासून माणसापर्यंत अशी चित्रांची पट्टी दाखवून विचारलं की सायकलवाले यात कुठे बसतात. सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी त्यांना पूर्ण माणसाच्या खाली ठेवलं. त्याच अभ्यासात ११ टक्के लोकांनी कबूल केलं की आपण मुद्दाम सायकलच्या जवळून गाडी नेली आहे. मुद्दाम! यात कुठला नियम शिकवला गेला?

हेल्मेट आणि जॅकेट. मी दोन्ही घालतो, तुम्हीही घाला. पण हेल्मेट कशासाठी बनवलंय ते समजून घ्या. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आपटायची चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने होते, म्हणजे तासाला साधारण साडेएकोणीस किलोमीटर. ते सायकलवरून पडल्यावर डोकं वाचवायला आहे, ८० ने येणाऱ्या गाडीसाठी नाही. आणि जॅकेटचं म्हणाल तर ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलला सेन्सर लावून वेगवेगळे कपडे घालून मागून जाणाऱ्या गाड्यांचं अंतर मोजलं, ते निष्कर्ष २०१४ मध्ये आले. कपडे कुठलेही असोत, एक-दोन टक्के गाड्या अर्ध्या मीटरच्या आतून गेल्याच. थोडं जास्त अंतर मिळालं ते पोलिसांसारख्या दिसणाऱ्या जॅकेटला, ज्यावर व्हिडिओ शूटिंग चालू असल्याचं लिहिलं होतं. म्हणजे लोकांना दिसत होतं, जागा देताही येत होती.

राहिला दोषाचा मुद्दा. नेदरलँड्समध्ये कायदाच असा आहे की गाडी आणि सायकलच्या धडकेत नुकसानभरपाई मुळात गाडीवाल्याने द्यायची, सायकलवाल्याची चूक असली तरी सहसा निम्मी तरी, आणि चौदा वर्षांखालचं मूल असेल तर पूर्ण. ही शिक्षा नाहीये, भरपाईची जबाबदारी आहे, ज्याच्या हातात जास्त वजन आणि वेग आहे त्याच्यावर. तिथले रस्तेही आधीपासून सुरक्षित नव्हते, १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. आज तिथे गावाबाहेरच्या वेगवान रस्त्यांना बहुतेक ठिकाणी शेजारून वेगळा सायकल ट्रॅक असतो आणि मला विचाराल तर खरा उपाय तोच आहे. पण तो होईपर्यंत आपला जीव ज्याने त्याने सांभाळावा म्हणजे नक्की कसा? मागून काय येतंय ते सायकलवाल्याला दिसत नाही. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं की ४४ मीटर आंधळे गेलात आणि हायवे कोडच्या तक्त्याप्रमाणे या वेगात थांबायला ५३ मीटर लागतात. ‘तो अचानक आला’ म्हणणाऱ्या किती जणांना तो शंभर मीटर आधीपासून दिसायला हवा होता!

‘पण मी हॉर्न दिला होता’ असंही म्हणतात. अगदी पाठीशी येऊन जोरात हॉर्न मारला की माणूस दचकून मागे बघतो, आणि मागे बघताना खांद्याबरोबर हँडलही त्याच बाजूला फिरतं, म्हणजे तुमच्याकडे. हॉर्न द्यायचाच तर लांबून एकदा, हलका. मग वेग कमी करा, समोरची लेन रिकामी होईपर्यंत मागेच राहा, पूर्ण पलीकडे जाऊन पुढे व्हा आणि आतल्या आरशात अख्खी सायकल दिसल्याशिवाय परत आपल्या लेनमध्ये येऊ नका, मागे ट्रेलर असेल तर त्याचं शेवटचं चाक सायकलच्या पुढे गेलंय का ते बाजूच्या आरशात बघून मगच.