डी.एड.च्या २०११ च्या तुकडीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मंदीत शिक्षकभरती थांबते आणि त्याची झळ नुकत्याच पात्र झालेल्या मुलांना बसते, असं मागच्या आठवड्यात मी लिहिलं, त्यावर तुम्ही वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, त्यामुळे मुद्दे नेमके आहेत. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगते. मंदीत महाराष्ट्रात झेडपीच्या एकाही शिक्षकाची नोकरी गेली नाही, मग मंदीला दोष कशाला, असं तुम्ही विचारलंत. दोष गल्लोगल्ली निघालेल्या डी.एड. कॉलेजांचा, असं तुमचं म्हणणं. झेडपी शाळांचा पट उतरतोय, तिथे नवे शिक्षक घेऊन करायचं काय, हा पुढचा प्रश्न. आणि नोकरी मिळत नव्हती तर दहा-बारा वर्षं आशेवर बसून राहण्याऐवजी या मुलांनी दुसरं काही करायला हवं होतं, हे शेवटचं. बारावीतल्या पुतणीला 'या वाटेला जाऊ नकोस' असं बजावल्याचंही तुम्ही लिहिलंय.

मी बावीस वर्षं एका अध्यापक विद्यालयात, म्हणजे डी.एड. कॉलेजातच, शिकवलं. त्यामुळे कॉलेजांबद्दल तुम्ही म्हणता ते मी आतून पाहिलंय आणि ते खरं आहे. दोन हजारनंतरच्या दशकात डी.एड.ला नंबर लागला की घरात पेढे वाटले जायचे. बारावीला ऐंशी टक्के मिळवणारी पोर इंजिनिअरिंग सोडून आमच्याकडे यायची, कारण दोन वर्षांत हातात नोकरी. हे संस्थाचालकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मान्यता देताना राज्याला पुढे किती शिक्षक लागतील याचा हिशेब कुणी केला नाही. तेव्हा आम्ही शिक्षकांनीही तोंड उघडलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. २०१२ च्या मे महिन्यात खाजगी अनुदानित शाळांमधली भरती थांबली ती मंदीमुळे नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, हजेरीपटावरची खोटी नावं बाहेर आली, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि त्यांचं दुसऱ्या शाळांत समायोजन होईपर्यंत नवे घेऊ नका असा आदेश निघाला. माझ्या लेखात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. तुम्ही ती दाखवून दिलीत, तो भाग मी दुरुस्त करते आहे.

पण 'एकाही शिक्षकाची नोकरी गेली नाही' या वाक्यावर मला थांबावंच लागेल, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

अमेरिकेत मंदी आली की शिक्षकांच्या हातात कपातीच्या नोटिसा पडतात. कॅलिफोर्नियात तर त्यासाठी १५ मार्च ही कायद्याने ठरलेली तारीख आहे. २००८ नंतरच्या मंदीत तिथे हजारो शिक्षकांना अशा नोटिसा गेल्या, आणि सगळ्यात आधी कनिष्ठांना, म्हणजे नुकतेच लागलेल्यांना. ते सगळ्यांना दिसतं. वर्तमानपत्रात फोटो येतात, संघटना रस्त्यावर उतरतात. आपल्याकडे लागलेल्या शिक्षकाला सरकार काढत नाही, पगारही कायमचा कापत नाही. मार्च २०२० चा पगार आठवतो का? टाळेबंदीत तिजोरी आटली तेव्हा अ आणि ब वर्गाला निम्मा आणि क वर्गाला पंच्याहत्तर टक्के पगार आधी देऊन उरलेला नंतर द्यायचं ठरलं. क वर्गात आमचे झेडपीचे शिक्षकही आले. तो उरलेला पगार पुढे मिळाला.

मग पैसा वाचवायचा कुठे? ४ मे २०२० ला वित्त विभागाचा शासन निर्णय आला. विभागांना त्या वर्षीच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी, नवी योजना नाही, आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून कुठेही नवी पदभरती नाही. त्या क्षणी महामारीत सरकारकडे दुसरा मार्ग होता असं मी म्हणत नाही. पण त्या ओळीचा भार कुणाच्या डोक्यावर पडला ते बघा. आधीच नोकरीत असलेल्या कुणावरही नाही. जी मुलं त्या वर्षी पात्र होऊन दाराशी उभी होती, फक्त त्यांच्यावर. आणि ती कुणाच्या मस्टरवर नव्हती, त्यामुळे किती जणांचं काय गेलं हे मोजलंही गेलं नाही. जुलै २०२१ मध्ये सुमारे ६,१०० शिक्षण सेवक पदांना (नवा शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर असतो, तो शिक्षण सेवक) त्या बंदीतून सूट मिळाली, तोवर दुसरं शैक्षणिक वर्ष सुरू झालं होतं.

तुम्हाला हे बँकेतून ठाऊक असणार. २००० च्या सुमाराची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आठवा. त्याच्या आगेमागे सरकारी बँकांमध्ये कित्येक वर्षं भरती जवळजवळ बंद होती. पुढे जुने अधिकारी निवृत्त व्हायला लागले आणि मधली फळीच नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या काळात बँकेची परीक्षा देण्याच्या वयात असलेली पिढी तुमच्यापेक्षा कमी हुशार होती का? ती फक्त चुकीच्या साली पदवीधर झाली.

माझ्याकडे याचं अगदी घरातलं उदाहरण आहे. माझ्याच दोन विद्यार्थिनी, सख्ख्या बहिणी. नावं लिहीत नाही, थोरली आणि धाकटी म्हणते.

थोरली २००७ ला डी.एड. झाली, २००८ ला शिक्षण सेवक म्हणून लागली, तीन वर्षांनी कायम झाली. धाकटी २०११ ला पास झाली. बारावीला तिला थोरलीपेक्षा पाच टक्के जास्त होते. सराव पाठांना ती थोरलीचंच शैक्षणिक साहित्य घेऊन यायची: शब्दपट्ट्या, काड्यांचे गठ्ठे, आणि दहा लाल दहा पांढरे अशा शंभर मण्यांची मणीमाळ. माळ एकदा तुटली होती, तिने ती मच्छीमारी दोऱ्यात पुन्हा ओवली होती. दुसरीच्या वर्गावर तिने दशक-एककाचा पाठ घेतला तेव्हा मागच्या ओळीतला एक मुलगा सत्तेचाळीस मणी मोजताना पुन्हा एकपासून सुरू करायचा. तिने त्याला थांबवलं नाही. चौथ्या खेपेला त्याच्या बोटाने आपणहून दहावर उडी मारली. निरीक्षण वहीत मी काय शेरा लिहिला ते विसरले, पण ते बोट आठवतंय.

एक घर, एक कॉलेज, तेच आम्ही शिकवणारे, तीच मणीमाळ. फरक चार वर्षांचा.

२०१० च्या मे महिन्यात शिक्षण सेवकांच्या निवडीची परीक्षा, सीईटी, झाली तेव्हा धाकटी पहिल्या वर्षाला होती. ती पास होऊन बाहेर पडली आणि काही महिन्यांत पटपडताळणी आली. डिसेंबर २०१३ ला राज्यातली पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, तीत ती पात्र ठरली. मग चार वर्षं भरतीच नाही. डिसेंबर २०१७ ला भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी दिली. पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवर शाळांचे पसंतीक्रम लॉक केले. २०१९ च्या यादीत नाव थोडक्यात हुकलं. उरलेल्या जागांसाठी पुढची फेरी येईल म्हणून ती थांबली, आणि मे २०२० उजाडला.

आता तुमचा 'दुसरं काही करायला हवं होतं' हा मुद्दा. ती बसून नव्हती हो. तालुक्याच्या गावी एका इंग्रजी शाळेत अडीच हजारांवर लागली, आठ वर्षांत सहा हजारांवर पोचली. तेव्हा थोरलीचा पगार पन्नास हजारांच्या आसपास होता. टाळेबंदीत पालकांनी फी भरली नाही आणि शाळेने शिक्षकांना 'सुरू झाल्यावर बघू' म्हणून सांगितलं. त्या शाळेला मी सर्वस्वी दोष देत नाही, फीवर चालणारी शाळा फी थांबली की थांबते. मंदीचा फटका बघायचा असेल तर तो विनाअनुदानित शाळांच्या स्टाफरूममध्ये बघा. सरकारी दार बंद झालं की नवी मुलं तिथेच जातात, आणि मंदीत पहिल्यांदा तिथलाच पगार थांबतो. एकाच वेळी दोन्ही दारं बंद. धाकटीने शिलाई मशीनवर फॉल-पिकोची कामं घेतली. तिच्याच तुकडीतला एक जण औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, दोघं पोलीस भरतीत गेले, एक जण विम्याची कामं करतो. सगळ्यांनी दुसरं काही केलंच. त्यासाठी त्यांना दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची गरज नव्हती, हे मला लागतं.

पटाबद्दल. पट उतरतोय, मान्य. पण शिक्षक नको होते हे मान्य नाही. जुलै २०२३ मध्ये झेडपीच्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर बोलवायचा निर्णय झाला. म्हणजे वर्गात शिक्षक हवा होता, म्हणूनच ना? त्याच वर्षी नव्या प्राथमिक शिक्षण सेवकाचं मानधन ६,००० वरून १६,००० झालं होतं. ते वाढलं याचा मला फार आनंद झाला, सहा हजारांत परजिल्ह्यात खोली घेऊन राहणारी मुलं मी पाहिली आहेत. पण पेन्शन सुरू असलेल्या शिक्षकाला वीस आणि तेरा वर्षं थांबलेल्या मुलीला सोळा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला झोप येत नाही. पुढे पवित्रवर २१ हजारांहून अधिक पदांच्या जाहिराती आल्या. इतक्या जागा एका रात्रीत रिकाम्या होत नाहीत, वर्षानुवर्षं साठतात. आणि त्या साठत होत्या तेव्हा खेड्यात एकच गुरुजी दोन-दोन, तीन-तीन वर्ग एका खोलीत सांभाळत होते.

मंदीत सरकारने शिक्षक घ्यावेत असं मी म्हणते त्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या शिक्षकांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. मंदीच्या काळात या पेशात आलेल्या शिक्षकांची मुलं गणितात इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. कारण सरळ आहे. बाहेर नोकऱ्या नसतात तेव्हा जी मुलं एरवी कंपन्यांत गेली असती, ती शाळेकडे वळतात. चांगला शिक्षक मिळण्याची सगळ्यात मोठी संधी नेमकी मंदीत असते, आणि आपण नेमकं तेव्हाच दार लावून घेतो. मग चार वर्षांनी म्हणतो की हल्ली हुशार मुलं डी.एड.ला येत नाहीत. ती येत नाहीत कारण त्यांनी धाकटीसारख्या बहिणी पाहिल्या. माझ्या शेवटच्या वर्षांत पन्नासच्या तुकडीत अकरा जणी होत्या. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकच्या खालच्या वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही, डी.एड.च हवं, असा निकाल दिला. डी.एड.ची गरज न्यायालयाने ठामपणे सांगितली तेव्हा कॉलेजं ओस पडली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रात्री अकराला धाकटीचा फोन आला. यादीत नाव होतं. वय तेहतीस, मुलगा दुसरीत, जिल्हा दुसऱ्या टोकाचा. थोरलीची सेवा सदतीस वर्षं भरेल, हिची पंचवीस, त्यातली पहिली तीन मानधनावर. पण त्या रात्री ती यातलं काही बोलली नाही. जरा वेळ नुसती रडली आणि म्हणाली, "मॅडम, पाठ टाचण कसं काढायचं ते मी विसरले हो." इंग्रजी शाळेत टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, मागत नसत, पानं संपवायची असत. आणि पुढची चार वर्षं तर खडूला हातच नव्हता. रविवारी ती घरी आली. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून आम्ही उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना अशी एकेक ओळ पुन्हा लिहिली. शब्द लगेच आठवले तिला. हात थरथरत होता.

आता तुमच्या पुतणीविषयी. तिच्या काळात नियम वेगळे असतील. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता होणार आहे. ती आज सुरू करेल तर साधारण तेव्हाच बाहेर पडेल. नव्वदच्या दशकात लागलेले गुरुजी त्या सुमारास अठ्ठावन्नला पोचत असतील. याचा अर्थ तिला नोकरी मिळेलच असा नाही. मध्येच पुन्हा तिजोरी आटली तर पुन्हा भरतीच थांबेल, कारण सगळ्यात सोपं तेच असतं. म्हणून कर्ज काढून जाऊ नये, संस्थेची मान्यता स्वतः तपासावी, आणि पदवीचा विषय असा घ्यावा की त्यावर शिकवणीपलीकडेही पोट भरता येईल. एवढं मी माझ्या मुलीलाही सांगितलं असतं.

पण तिला नाही म्हणण्याआधी एक करा. धाकटीच्या शाळेत तिला आठवडाभर पाठवा. शाळा आडवळणी आहे, एसटी दिवसातून दोनदाच जाते, सकाळची चुकली तर संध्याकाळपर्यंत बसावं लागतं. राहायची सोय धाकटी तिच्याच खोलीवर करेल, मी तिला काल विचारून ठेवलंय. पहिली आणि दुसरी एकत्र आहेत, मुलं एकोणीस. वर्गात खिडकीशी खिळ्याला ती मणीमाळ टांगलेली असते. थोरलीने ती परत दिली.