काळं पाणी म्हणजे नुसतं सेल्युलर जेल नव्हे

अंदमान म्हटलं की मराठी माणसाला कोठडी आठवते, कोलू आठवतो आणि सावरकर आठवतात. ते आठवायलाच हवेत. पण अंदमानची कैदी वसाहत १८५८ साली सुरू झाली आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर बंद झाली. सेल्युलर जेल बांधून पूर्ण झालं १९०६ मध्ये. म्हणजे या वसाहतीचं निम्म्याहून जास्त आयुष्य त्या जेलशिवाय गेलं. १९०१ च्या शिरगणतीत तिथे बारा हजारांच्या आसपास कैदी होते आणि ते जवळजवळ सगळे साधे गुन्हेगार होते. भाऊबंदकीत खून केलेले, दरोडे घातलेले. त्यांच्याबद्दल आपण काहीच बोलत नाही. ते समजल्याशिवाय राजकीय कैद्यांना तिथे काय भोगावं लागलं तेही नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीपासून पाहू. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. हा पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचा अधिकारी होता. भोवताली दाट जंगल, राहायला घर नाही, पहाऱ्याला जेमतेम ५० नौसैनिक. कैद्यांनीच झाडं तोडायची आणि स्वतःचा निवारा उभा करायचा. पहिल्या तीनेक महिन्यांत एकूण ७७३ कैदी आले. त्यातले ६४ इस्पितळात मेले, १४० पळाले ते परत सापडलेच नाहीत, एकाने जीव दिला आणि ८७ जणांना पळण्याच्या प्रयत्नाबद्दल फाशी दिलं. उरले ४८१. त्या फाशांपैकी बहुतेक तर एकाच दिवशी दिल्या गेल्या. पुढे वरून वॉकरला असल्या फाशा थांबवायला सांगितलं गेलं, पण माणसं तर गेलीच.

एवढी माणसं का पळाली? त्यांना ते बेट आहे हे नीट ठाऊकच नव्हतं. जंगल ओलांडून काही दिवस चाललं की ब्रह्मदेश लागतो आणि तिथला राजा आपल्याला चाकरीला ठेवतो, अशी पक्की समजूत पसरली होती. जंगलात शिरल्यावर खायला काही नाही, पिण्याचं पाणी सापडत नाही आणि स्थानिक अंदमानी लोकांचे बाण. दूधनाथ तिवारी हा १८५७ च्या बंडात सामील झालेला शिपाई अशाच एका टोळीबरोबर एप्रिल १८५८ मध्ये पळाला. बरोबरचे मारले गेले, तो जखमी अवस्थेत वाचला आणि अंदमानींनी त्याला आपल्यात ठेवून घेतलं. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, तिथे त्याची लग्नंही झाली. मे १८५९ मध्ये अंदमानी मोठा हल्ला करणार हे कळल्यावर तो परत आला आणि त्याने इंग्रजांना आधी सावध केलं. पोर्ट ब्लेअरमधल्या अ‍ॅबर्डीनच्या त्या लढाईत अंदमानींचा पराभव झाला. तिवारीला माफी मिळाली. ज्यांनी त्याला जीवदान दिलं आणि घरात घेतलं, त्यांचाच विश्वासघात करून मिळालेली ती सुटका. काळ्या पाण्यावरच्या दुष्कृत्यांची यादी करायची तर माझ्या लेखी हे पहिलं. पुढे पळालेल्या कैद्यांना जंगलातून हुडकून आणायला सरकारने अंदमानींनाच वापरलं, हेही त्याला जोडून लक्षात ठेवावं.

नंतरच्या काळात कैदी शहाणे झाले आणि समुद्रातून पळू लागले. एकतर होडी चोरायची, नाहीतर बांबूंचा तराफा बांधायचा. पावसाळी नैऋत्य वारा पूर्वेला ढकलतो, म्हणजे नशीब असेल तर ब्रह्मदेशचा किनारा. पण त्याच दिवसांत समुद्र खवळलेला. आपल्या कोकणात होड्या ओढून ठेवतात ते दिवस. उन्हाळ्यात समुद्र शांत, पण मग ढकलायला वारा नाही आणि गोडं पाणी दोन-तीन दिवसांत संपतं. समुद्रालाच कुंपण करून तुरुंगाच्या भिंतींचा खर्च वाचवायचा, हा सगळा हिशेब यावरच उभा होता.

आता मुख्य गोष्ट. इतकी माणसं मूठभर गोऱ्यांनी सांभाळली कशी? उत्तर आहे शिडी. शतक संपताना ती साधारण अशी होती. जन्मठेपेचा कैदी आला की पहिले सहा महिने एकांत कोठडीत. मग दीड वर्ष तुरुंगातच, दिवसा इतरांबरोबर कष्ट आणि रात्री पुन्हा एकटा कोठडीत. मग तीन वर्षं बाहेर, बराकीत मुक्काम, दिवसभर देखरेखीखाली मजुरी, मोबदला शून्य. त्यापुढची पाच वर्षंही मजुरीच, पण आता किरकोळ भत्ता आणि मुकादमीच्या जागेवर नेमलं जाण्याची पात्रता. अशी दहा वर्षं नीट गेली की मिळायचं तिकीट. तिकिटावरचा कैदी म्हणजे सेल्फ सपोर्टर. तो गावात राहायचा, शेती करायचा, गुरं पाळायचा, लग्न करायचा किंवा देशातून बायकामुलांना बोलावून घ्यायचा. सुरुवातीला घर, अवजारं, धान्य सरकारचं आणि सारा माफ. तीन-चार वर्षांनी सगळी मदत बंद आणि सारा सुरू. बेट मात्र सोडायचं नाही आणि रिकामं बसायचं नाही. २० ते २५ वर्षं चांगल्या वर्तणुकीत काढली तर पूर्ण सुटका. मुदतीच्या शिक्षेवर आलेल्याला हे तिकीट मिळत नसे. त्याची मुदत भरली की तो सुटायचा.

कागदावर ही शिडी शहाणपणाची दिसते. ती सडली कुठे? मुकादमीच्या पायरीवर. कैद्यांवर देखरेख करणारे कैदीच होते. वॉर्डर, त्यावर पेटी ऑफिसर, त्यावर टिंडाल, त्यावर जमादार. (पेटीचा संदुकीशी संबंध नाही. कनिष्ठ अधिकाऱ्याला इंग्रजीत ‘petty officer’ म्हणतात, त्यातल्या petty ची ही पेटी झाली. आणि टिंडाल म्हणजे आपल्या कोळीवाड्यातल्या तांडेलाचाच चुलतभाऊ, जहाजावरून तुरुंगात आलेला शब्द.) काल ज्याने माणूस मारला, आज त्याच्या हातात शंभर माणसांचं काम वाटण्याचा अधिकार. सावलीत बसून दोर वळायचा की भर पावसात लाकडं ओढायची, हे तो ठरवणार. काम भरलं की नाही हे तो सांगणार. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं की नाही हेही तोच. हलकं काम विकलं जाऊ लागलं आणि वजनात, शिध्यात काटछाट होऊ लागली, यात नवल काहीच नव्हतं. शिवाय टिंडालची स्वतःची पुढची पायरी ‘माझ्या टोळीत गडबड नाही’ या शेऱ्यावर अवलंबून, म्हणून तक्रार वर जाऊच द्यायची नाही. तरुण कैद्यांवर बराकीत जे लैंगिक अत्याचार होत, तेही याच रचनेमुळे झाकले गेले. हा माणसांचा स्वभावदोष म्हणून सोडून देता येणार नाही. वर चढायचं तर खालच्याला दाबायचं, हा नियमच होता. तो करणाऱ्यांची जबाबदारी मोठी.

या सगळ्या व्यवहाराचं चलन होतं तंबाखू. तंबाखूला बंदी, म्हणून तिला भाव. रोख पैसा जवळ ठेवायलाही बंदी, म्हणून तो लपवायची जागा शरीरातच केलेली. सराईत कैदी शिशाची गोळी दोऱ्याला बांधून, दोरा दाताला अडकवून ती घशाच्या एका बाजूला धरून ठेवत. वजनाने आणि घर्षणाने तिथे हळूहळू खोबण पडे. सूज येई, गिळता येत नसे, जखम चिघळे. तरी माणूस नेटाने चालू ठेवी, कारण खोबण तयार झाली की तिच्यात नाणी राहत आणि झडतीत तोंड उघडलं तरी दिसत नसत. ही विद्या देशातल्या तुरुंगांतही होती, डॉक्टरांनी तिच्या नोंदी केल्या आहेत. एका चिमूट तंबाखूसाठी आणि एका दिवसाच्या हलक्या कामासाठी माणूस स्वतःच्या घशात भोक पाडून घेत होता, यावरून त्या दिवसाच्या कामाची कल्पना यावी.

शिडीतला दुसरा दोष शेर अलीने दाखवला. हा आफ्रिदी पठाण पेशावरच्या आयुक्ताच्या पदरी होता. खानदानी वैरातून नातेवाइकाचा खून केला म्हणून १८६७ साली फाशी, मग ती बदलून काळं पाणी. त्याच्या दृष्टीने तो गुन्हाच नव्हता, कुळाचं कर्तव्य होतं. पोर्ट ब्लेअरमध्ये त्याची वर्तणूक उत्तम. इतकी, की त्याला न्हाव्याचं काम करायची मोकळीक मिळाली. ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून होप टाउनच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा अंधारातून येऊन त्याने सुऱ्याने वार केले. ११ मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिलं. वर्तणुकीची नोंदवही माणसाच्या मनातलं सांगू शकत नाही, इतका साधा धडा होता. सरकारने घेतला तो वेगळाच. आणखी कडक व्हायचं.

१८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी पाहणी केली. त्यांना आढळलं की देशातल्या तुरुंगात खितपत पडण्यापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं, तिथे पुढे जमीन मिळते, घर मिळतं. काळ्या पाण्याची दहशत उरली नाही. म्हणून सुरुवातीलाच माणूस मोडेल असा एक टप्पा हवा, अशी त्यांची शिफारस. सेल्युलर जेलचा जन्म त्यातून झाला. ते राजकीय कैद्यांसाठी बांधलंच नव्हतं. १८९६ ते १९०६, दहा वर्षं ते कैद्यांकडूनच बांधून घेतलं. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात तीनमजली चाळी, प्रत्येक चाळीचं तोंड पुढच्या चाळीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस दिसूच नये. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद कोठडी, झरोका डोक्यापेक्षा बराच उंच. दाराची कडी भिंतीतल्या कोनाड्यात दूर नेऊन बसवलेली, गजांतून हात काढला तरी पोचत नाही.

कामाचं माप सांगतो. सोडणं, म्हणजे नारळावरचं तंतूंचं जाड आवरण, कुटायची तर रोज वीस नारळांची. सुकं सोडण लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीने कुटायचं, वरची साल काढायची, पाण्यात भिजवून पुन्हा कुटायचं, भुसा जाऊन निव्वळ धागा उरेपर्यंत. मग वाळवून संध्याकाळी शेरभर काथ्या मोजून द्यायचा. कोकणात हे काम सोडण कित्येक दिवस पाण्यात कुजवून मग करतात, कारण कुजल्याशिवाय धागा सुटत नाही. इथे ते एका दिवसात हाताने सोडवायचं, म्हणून तळहात फुटत. कोलूवर रोज ३० पौंड खोबरेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, बैलाच्या जागी माणूस जुंपून. मोहरी असेल तर दहा पौंड. कमी भरलं तर भिंतीला खडी हातकडी, दंडाबेडी, आडवी बेडी, नुसत्या कांजीवर ठेवणं आणि शेवटी तिकटीला, म्हणजे लाकडी तिपाईला बांधून फटके.

आणि इथे राजकीय कैद्यांची गोष्ट येते. खुनी माणूस नियमाप्रमाणे सहा महिन्यांत कोठडीच्या टप्प्यातून पुढे जाई. तात्याराव सावरकर ४ जुलै १९११ ला तिथे पोचले, १९२१ मध्ये देशात परत आणले गेले. त्या सगळ्या काळात बाहेरच्या वसाहतीत राहणं नाही, तिकीट नाही. जी शिडी दरोडेखोराला उपलब्ध होती ती त्यांना नाकारली. नुसता कोलू दाखवून हा अन्याय कळत नाही, शेजारच्या कैद्याला काय मिळत होतं ते सांगावं लागतं.

बायकांबद्दल तर आपण अवाक्षर काढत नाही. साउथ पॉइंटला बायकांचा वेगळा तुरुंग होता. त्यातल्या कितीतरी जणी नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून आलेल्या. हा धागा थेट पुण्यात पोचतो. काशीबाई या ब्राह्मण विधवेने फसवणुकीतून झालेलं मूल मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बालहत्या प्रतिबंधक गृह काढण्यामागे ती घटना होती. फसवणारा पुरुष मोकळा, बाई अंदमानात. तिथे पाच वर्षांनंतर तिला तिकिटावरच्या पुरुषाशी लग्न करता येई. तुरुंगात बायका रांगेने उभ्या करून पुरुष निवड करत, मग सरकारी मंजुरी. होकार द्यायला ती मोकळी होती असं म्हणतात, पण नकाराचा अर्थ तुरुंगातच राहणं असेल तर त्या होकाराला काय म्हणायचं? पुरुष हजारोंनी आणि बायका शेकड्यांनी, त्यामुळे संशय, मारामाऱ्या, खून हेही ओघाने आलंच.

दोन गोष्टी जाता जाता. वासुदेव बळवंत फडके अंदमानात होते असं दरवर्षी कुणीतरी लिहितं. ते एडनला होते आणि १८८३ मध्ये तिथेच वारले. आणि कैदी बाहेर पाठवायचे तसे बाहेरून आपल्याकडेही आणले जात. मलाक्काकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात होते, त्यांनी तिथे भाजीपाल्याचे मळे फुलवले. चायनामन फॉल हे नाव त्यांच्यामुळे पडलं. धबधब्यासमोर फोटो काढताना हे मुलांना सांगा.

तिकिटावरच्या या जोडप्यांची मुलं म्हणजे अंदमानातला ‘लोकल बॉर्न’ समाज. आई एका मुलखाची, बाप दुसऱ्या मुलखाचा, जात वेगळी, कधी भाषाही वेगळी, म्हणून घरात हिंदुस्थानी. आज पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरम) रस्त्यावर जी हिंदी ऐकू येते ती कुठल्या सरकारी धोरणाने आलेली नाही, या बराकींत आणि तिकिटाच्या गावांत तयार झालेली आहे. सहल कंपन्या सेल्युलर जेलला एक संध्याकाळ देतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकिनारे. त्यातला अर्धा दिवस व्हायपर बेटासाठी मागून घ्या. सेल्युलर जेलच्या आधीचा साखळदंडी तुरुंग तिथे होता, टेकडीवरचं फाशीघर अजून उभं आहे. होडी अ‍ॅबर्डीनच्या धक्क्यावरून सुटते.