नक्कल म्हणे नक्कल! 'बिग बॉस'वरच्या त्या फॉरवर्डला कोल्हापुरातून उत्तर

एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी तालमीच्या, मग शाळेच्या मित्रांच्या आणि शेवटी घरच्या. विषय 'बिग बॉस मराठी'. म्हणणं थोडक्यात असं: हा परदेशी कार्यक्रमाची सहीसही नक्कल आहे, फक्त भाषा मराठी. तिकडं साधी माणसं असतात, आपल्याकडं सेलिब्रिटी घुसवून वाट लावली. तिकडं सगळं सभ्यपणे चालतं, भांडणं आपलीच. सगळं आधी लिहून दिलेलं असतं. आणि आपल्या मातीत असलं काही नव्हतं, संस्कृती बुडाली. खाली नेहमीप्रमाणे, 'विचार करा आणि पुढे पाठवा.'

पुढं पाठवायच्या आधी विचार केला, तिथंच घोटाळा झाला.

मी या कार्यक्रमाचा भक्त नाही. आई बघते, म्हणून जेवताना कानावर पडतो. पण चुकीचं ते चुकीचं.

आधी नक्कल. नक्कल कशाला म्हणतात हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर आपल्या चपलेसारखी चप्पल आणली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. ओरड झाली, तेव्हा मूळ प्रेरणा इथली असल्याचं कबूल केलं. 'बिग बॉस'चं तसं नाही. मूळ 'बिग ब्रदर' हॉलंडचा, सप्टेंबर १९९९ मधला, जॉन डी मॉल यांच्या एंडेमॉल कंपनीचा. देशोदेशीच्या वाहिन्या त्याचे हक्क पैसे मोजून घेतात. बंद घर, जागोजागी कॅमेरे, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, नॉमिनेशन म्हणजे बाहेर कुणी जावं त्यासाठी नावं पुढं करणं, एकेकाची गच्छंती, एवढा सांगाडा त्या व्यवहारात येतो. अंगावर मांस ज्यानं त्यानं आपलं चढवायचं.

ते चढवलंय का, ते नावापासून बघा. 'ब्रदर'चा 'बॉस' झाला. मला तरी हा बदल चोख वाटतो. आपल्याकडं थोरला भाऊ पाठीशी उभा राहतो. वरून नजर ठेवून हुकूम सोडणारा असतो तो साहेब.

पण खरा बदल सूत्रसंचालकात आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तोच दिसला नाही. ब्रिटनमध्ये २००० ते २०१० डेव्हिना मॅकॉल हा कार्यक्रम करायची. तिचं मुख्य काम घराबाहेरचं: जो बाहेर पडेल त्याला गाठायचं, मुलाखत घ्यायची, प्रेक्षकांच्या टाळ्या घ्यायच्या. आत राहिलेल्यांना दर आठवड्याला रांगेत बसवून हजेरी घेणं तिच्या वाट्याला नव्हतं. आपल्याकडं हिंदीत सलमान खान आणि मराठीत आधी महेश मांजरेकर, मग २०२४ ला रितेश देशमुख नेमकं हेच करतात. मराठीत तर या हजेरीला काही काळ 'चावडी' नाव होतं, पाचव्या पर्वात 'भाऊचा धक्का'. चावडी! पाटील बसलाय, दोन्ही बाजू माना खाली घालून उभ्या आहेत, कोण चुकलं ते चारचौघांत सांगितलं जातंय. हे हॉलंडहून आलेलं नाही. आईला एकदा विचारलं, रोजची ही भांडणं कशाला बघतीस? तर म्हणाली, "मी भांडणं कुठं बघतो? शनवारी कुणाची खरडपट्टी निघत्या, त्याच्यासाठी आठवडाभर बसतो." आख्ख्या कार्यक्रमाचं याहून चांगलं समीक्षण मी वाचलेलं नाही.

मतांचंही तसंच. ब्रिटनच्या जुन्या पर्वांत नॉमिनेट झालेल्यांपैकी कुणाला हाकलायचं यासाठी लोक फोन करायचे. आपण मत देतो ते वाचवायला. फरक बारीक वाटेल, पण त्यानं खेळच फिरतो. तिथं कुणाच्या डोळ्यांत खुपायचं नाही, इथं आपली माणसं जोडून ठेवायची. पाचव्या पर्वात इचलकरंजीचे धनंजय पोवार, म्हणजे डीपीदादा, घरात होते. तेव्हा आमच्या ग्रुपवर ज्यांनी जन्मात कधी कुठल्या कार्यक्रमाला मत दिलं नव्हतं, ते रोज रात्री 'डीपीदादाला मत दिलं का' म्हणून सगळ्यांना विचारत होते. आता नक्कल म्हणून बोंब मारणाऱ्यांत त्यातलेच दोघं आहेत. नावं लिहीत नाही, उद्या चहाला भेटायचंय.

आणि सांगाडा आहे तसा आणला की काय होतं, त्याचाही दाखला आहे. 'आय ॲम अ सेलिब्रिटी' हा ब्रिटनचा गाजलेला कार्यक्रम, २००२ पासूनचा: नामवंतांना जंगलात सोडायचं, किडे खायला लावायचे. सोनीनं २००९ मध्ये मलेशियाच्या जंगलात त्याची हिंदी आवृत्ती केली, 'इस जंगल से मुझे बचाओ'. एक पर्व, बास. अर्थात बदल केले की चालतंच, असंही नाही. २००४ मध्ये बहरीनमध्ये 'बिग ब्रदर'ची अरबी आवृत्ती निघाली. बायकांच्या आणि पुरुषांच्या झोपण्याच्या जागा वेगळ्या, नमाजाची खोली, सगळी काळजी घेतलेली. तरी लोक रस्त्यावर उतरले आणि थोड्याच दिवसांत वाहिनीनं गाशा गुंडाळला. दुसऱ्या मातीत रोप लावणं इतकं सोपं असतं, तर फॉरवर्डवाल्यांचं म्हणणं मीही मान्य केलं असतं.

दुसरा मुद्दा मौजेचा आहे. पहिल्या ओळीत 'सहीसही नक्कल' आणि दुसऱ्या ओळीत 'तिकडं साधी माणसं, इकडं सेलिब्रिटी'. अहो, मग सहीसही कुठं राहिली? शिवाय सेलिब्रिटी ही काही आपली भर नव्हे. ब्रिटनमध्ये २००१ मध्येच 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' झाला होता. आपण २००६ मध्ये हिंदीत सुरुवातच तिथून केली, एवढंच. उलट आपल्याकडं पुढं साधी माणसं आत आली. हिंदीचं २०१६ चं पर्व नोएडाच्या मनवीर गुर्जरनं जिंकलं, तो सर्वसामान्यांच्या गटातला. मराठीत २०२४ ला बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला, रील करून नाव मिळवलेला. त्याला सेलिब्रिटी म्हणायचं की साधा माणूस, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानंच ठरवावं.

आता तो सभ्यपणा. जानेवारी २००७ मध्ये शिल्पा शेट्टी ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये गेली. तिच्या उच्चारांची चेष्टा झाली, जेवणावरून, हातावरून, आडनावावरून टोमणे झाले. तिथल्या प्रसारण नियामकाकडं चव्वेचाळीस हजारांवर तक्रारी गेल्या, पार्लमेंटपर्यंत विषय पोहोचला. सगळ्यात मोठं भांडण कशावरून, तर चिकनच्या रश्शाचा अर्क असलेल्या ठोकळ्यांवरून. (रश्शात ठोकळा टाकण्यावरून कोल्हापुरात भांडण झालं असतं, तर मी समजू शकलो असतो.) शेवटी शिल्पाच जिंकली, ६३ टक्के मतांनी, आणि ती मतं तिथल्याच लोकांची होती. तिच्याशी सगळ्यात जास्त भांडलेली जेड गुडी पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, आपल्या हिंदी 'बिग बॉस'मध्ये आली, आणि त्या पर्वाची सूत्रधार शिल्पाच होती. घरात असतानाच जेडला कर्करोग झाल्याचं कळलं, ती लगेच परत गेली आणि मार्च २००९ मध्ये वारली. हे सगळं माहीत असताना 'तिकडं सभ्य, इकडं भांडखोर' असं लिहायला जीभ, म्हणजे बोट, कसं वळतं?

'सगळं लिहून दिलेलं असतं' यावर फार वेळ घालवत नाही. दिवसभराचं चित्रण कापून तासाभराचा भाग करतात. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कापणारा ठरवतो, त्यात माणूस नायकही होतो आणि खलनायकही. तेवढा संशय घ्यायलाच हवा. पण त्यासाठी संवाद लिहून द्यावे लागत नाहीत. चौदा-पंधरा माणसं फोनशिवाय कोंडली आणि चहापत्ती मोजून दिली, की संवाद आपोआप होतात. आमच्या गल्लीत पाणी दोन दिवस आलं नाही, तेव्हा बघितलंय.

राहिली माती. १९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोलाकार प्रेक्षागार बघितलं, आणि १९१२ मध्ये इथं खासबाग मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, हौदातली कुस्ती दिसते. घडण रोमची, पण मधे तांबडी माती, हलगीचा ठेका आणि फेटे. तिथं कुस्ती बघताना 'ही रोमची नक्कल' असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर त्यानं ते शेजारच्या पैलवानासमोर म्हणून दाखवावं.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणारे काका दोन तास गप्प होते. मग त्यांचं उत्तर आलं, 'एवढं मोठं कोण वाचणार?' त्याच्या खाली आईचा आवाजी मेसेज होता, "मी वाचलो. पण चावडीचं माझं नाव घालून लिहायचंस की रे."