टॉर्च नीट धरा

परवापासून आमच्या जिन्यात मला 'टॉर्चवाले' म्हणतात. काल शेजारच्या चिमुरडीनेसुद्धा तशीच हाक मारली.

गुन्हा माझाच. मीटरची जुनी वायर बदलताना मी वायरमनला ऐटीत म्हणालो, "जाडच घाला, पुन्हा कटकट नको." त्याने २५ स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियमची आणली. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणून तेवढ्याच करंटला ती अंगाने भरलेली लागते. हे ज्ञान मला त्याच दिवशी झालं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मेन स्विच पाडला तरी मीटरच्या अलीकडची, खांबाकडून येणारी बाजू जिवंतच राहते, म्हणून सप्लाय खांबावरूनच बंद करून घेतला होता. पेटीत अंधार. माझ्या हाती टॉर्च आला, आणि पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे काका आले.

"काटकोनात मोडा की सरळ," काका म्हणाले.

"इन्सुलेशन फाटेल, काका. गोलाईनेच वळवायला हवी," वायरमन म्हणाला.

गोलाई हवी वायरच्या जाडीच्या कितीतरी पट आणि पेटीत जागा वीतभर. ही पेटी ज्याने बनवली त्याने वायर फक्त चित्रात पाहिली असणार. वायर खाली दाबली की वर उसळायची, डावीकडे ढकलली की झाकणाला ढुशी द्यायची.

काकांनी आत डोकावून वायरमधल्या तारा मोजल्या. मधे एक, भोवती सहा.

"सातातल्या दोन छाटून टाका ना! पाच गेल्या आत तरी पुष्कळ."

"सात जणांचं ओझं पाचांनी उचलायचं?"

"आमच्या ऑफिसात तेच चालायचं."

"आणि मग?"

"मग काय, दोघांना ब्लडप्रेशर."

"इथे टर्मिनल जळतं," वायरमन म्हणाला. मला हसू आलं, टॉर्च हलला, स्क्रू ड्रायव्हर निसटला.

"साहेब, एवढं तरी नीट करा!"

सगळ्या जिन्यासमोर. वायर माझी, मीटर माझा, पैसे माझे. काटकोन सुचवणारा माणूस काका आणि मुकाट उभा राहिलेला मी 'एवढं तरी'! काकांनी शांतपणे माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला. त्यांचा हात, खोटं कशाला बोला, दगडासारखा स्थिर होता.

दोन तासांनी वायर बसली. झाकण लावायला मात्र तिघांचे सहा हात लागले, त्यातले माझे दोन फक्त दाबायला. जाताना वायरमन म्हणाला, ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, पकड सैल पडते, सैल जोड तापतो, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा तपासावं लागेल.

"या की," मी म्हणालो.

"येतो. त्या दिवशी काका घरी असतील ना?"