हप्ता तेवढाच राहिला, महिने वाढले (प्रतिक्रियेला उत्तर)

गृहकर्जाबद्दल मी लिहिलं होतं त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो, दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हटलं अर्धं तर बरोबरच आहे की. तुमचं म्हणणं असं, की 'बँक आधी व्याज वसूल करते आणि मग मुद्दल' हे मी चुकीचं लिहिलंय, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना उगाच घाबरवतोय, आणि सरळ जास्तीत जास्त मुदत घेऊन हप्ता लहान ठेवावा, विषय संपला.

पहिलं मान्य. चुकलंच माझं. दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं, हप्त्यातून ते वजा झालं की उरेल ते मुद्दलात जातं, सुरुवातीला बाकी जास्त म्हणून व्याज जास्त. यात बँकेची लबाडी काही नाही, गणित आहे. पण ते गणित एकदा बघाच. १ लाखाचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण ९००. पहिल्या महिन्याचं व्याज ७५०, म्हणजे मुद्दलात गेले जेमतेम १५०. वर्षभरात १०,८०० च्या आसपास भरायचे आणि कर्ज उतरतं १,९०० सुद्धा नाही. निम्मं मुद्दल फिटेपर्यंत २० पैकी जवळजवळ १४ वर्षं गेलेली असतात. माझं पहिल्या वर्षाचं स्टेटमेंट आलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं आलंय, नाव परत वाचून बघितलं.

आता मुदत. तेच १ लाख ३० वर्षांवर नेले तर हप्ता ८०५ च्या घरात येतो, महिन्याला ९५ वाचले, आणि एकूण व्याज १.१६ लाखाचं होतं जवळपास १.९० लाख. तुम्ही म्हणाल मधेमधे जास्तीचे भरू की. भरलेत तर मी तुमच्याच बाजूने, फक्त त्यावर दंड आहे का ते करारात आधी बघा आणि भरताना 'हप्ता कमी नको, मुदत कमी करा' असं लेखी द्या. शिवाय कधी भरता यालाही अर्थ आहे. वरच्याच २० वर्षांच्या कर्जात सुरुवातीलाच १०,००० जास्तीचे टाकले तर ५४ हप्ते वाचतात, १० वर्षांनी टाकले तर २५ च्या आसपास. मी स्वतः 'पुढच्या वर्षी भरू' म्हणत चार वर्षं काढली, दर वेळी काहीतरी निघायचंच.

आणि फ्लोटिंग रेटचं, म्हणजे कर्ज चालू असतानाच वर-खाली होणाऱ्या व्याजदराचं, तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला तर खरी भीती त्याचीच वाटते. व्याजदर वाढल्यावर मला एक पत्र आलं, वर ठळक अक्षरात 'आपल्या हप्त्यात कोणताही बदल नाही', मी खूश, पत्र ड्रॉवरमध्ये. खाली बारीक अक्षरात उरलेल्या हप्त्यांचा आकडा होता तो कितीतरी महिन्यांनी वाचला. वरच्या उदाहरणात सुरुवातीलाच ९ चे १० टक्के झाले आणि हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे ३१४ होतात. सहा वर्षं वाढली की हो, तीही एका टक्क्यात! त्यात मुदत आधीच कमालीची लांब घेतलेली असेल तर वाढवायला जागाच उरत नाही, मग हप्ताच वाढतो.

'बँकेने मंजूर केलं म्हणजे आपल्याला झेपतं' हे तुमचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. बँक तुमचा पगार बघते आणि घर तारण ठेवून घेते, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं तर काय हा प्रश्न तिचा नाही. आणि 'भाडं भरतो तेवढाच तर हप्ता' असं म्हणताना दुरुस्ती, कर, विमा हे कुणी धरतच नाही.

घर घेऊ नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही, मी पण कर्ज काढूनच घेतलंय. ते चुकीचं वाक्य आज बदललंय. तुमचं कर्ज चालू असेल तर ताज्या स्टेटमेंटमध्ये उरलेले हप्ते किती दाखवलेत ते बघा, आणि घेताना ठरले होते त्यातून भरलेले वजा करून तोच आकडा येतो का ते इथेच लिहा.