साखर आटोक्यात आहे, मग गोळी कशाला?

दर रविवारी फोनवर तोच वाद. दादा म्हणतो, "साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७च्या आत आली. मग ही कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?" घरच्या ग्रुपवर निम्मे त्याच्या बाजूचे. स्टॅटिनने, म्हणजे याच गोळीने, साखर वाढते, हे कुणीतरी वाचलेलं असतंच. (वाढते, थोडीशी. पण टळणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांपुढे ती वाढ किरकोळ आहे.)

आमच्या दोघांचं कोलेस्टेरॉल जवळपास सारखं. त्याला १२ वर्षांपासून मधुमेह, मला नाही. इथे परदेशात डॉक्टर मला म्हणाले, गोळीसाठी थोडं थांबून बघू. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्याला मात्र ते सहसा थांबायला सांगत नाहीत, गोळी देतात. हे सांगितलं की घरून उत्तर येतं, "तिकडचे नियम तिकडे." मग मी रक्तवाहिन्यांवर येतो.

मधुमेह नसेल तर हृदयाच्या धमनीतला अडथळा बरेचदा एखाददुसऱ्या जागी असतो. मधुमेहात तो लांबवर, अनेक धमन्यांत, पार बारीक फांद्यांपर्यंत पसरलेला सापडतो. आतलं अस्तर आधीच बिघडलेलं, एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण लहान आणि दाट, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट. अनेक धमन्या अरुंद झालेल्या मधुमेह्यांना स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, हे २०१२च्या फ्रीडम चाचणीत दिसलं. त्यात मज्जातंतू बधिर झाले की छातीत कळ येईलच असंही नाही. आमचे काका जिना चढताना लागणारा दम वयावर ढकलत राहिले. ईसीजीत जुन्या झटक्याची खूण निघाली.

दुसरं टोकही मला पटत नाही. १९९८च्या एका फिनिश अभ्यासानंतर "मधुमेह म्हणजे एक झटका येऊन गेल्यासारखंच" हे वाक्य रूढ झालं. पुढच्या विश्लेषणांत ते सरसकट टिकलं नाही. मधुमेह किती जुना, मूत्रपिंडं कशी आहेत, तंबाखू आहे का, यावर बरंच ठरतं. भीती घालून गोळी गिळायला लावणं मला नकोच.

पण नुसत्या साखरेच्या आकड्यावर विसंबणं त्याहून वाईट. अ‍ॅकॉर्ड चाचणीत साखर फार कसून उतरवलेल्या गटात मृत्यू वाढले आणि २००८मध्ये तो भाग थांबवावा लागला. उलट डेन्मार्कच्या स्टेनो-२ चाचणीत एका गटात साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी एकत्र हाताळली, तेव्हा हृदयविकाराचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. त्यात माणसं जेमतेम १६०, पण मला हाच पुरावा सगळ्यांत जवळचा वाटतो.

इथे एकाच भेटीत रक्तदाब, पाय, लघवीतली प्रथिनं सगळं तपासतात, याचं कौतुक आहेच. मात्र डॉक्टर पडद्याकडे बघत बोलतात आणि १० मिनिटांत उठतात. दादाचे डॉक्टर त्याच्याशी तासभर वाद घालतात. ते सुख मला इथे नाही. म्हणून मी दादाशी घालतो.

मागच्या रविवारी त्याला सांगितलं की २१ वर्षांनी पाहिलं तेव्हा स्टेनोतला सगळं एकत्र हाताळलेला गट नेहमीचे उपचार घेतलेल्या गटापेक्षा साधारण ८ वर्षं जास्त जगलेला होता. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "कागद पाठव. डॉक्टरांना विचारतो."