पिशवीला सील, चष्मा आत

परवा एका सुपरमार्केटच्या दारात सिक्युरिटीवाल्याने माझ्या कापडी पिशवीला सील ठोकलं. सील म्हणजे तो प्लॅस्टिकचा पांढरा पट्टा, एकदा कर्रकन ओढला की कात्रीशिवाय सुटत नाही. ‘अहो, आत माझा...’ एवढं मी म्हणतोय तोवर कर्र झालं होतं. ‘...वाचायचा चष्मा आहे,’ मी वाक्य पुरं केलं.

‘बाहेर जाताना कापून देतो, काका.’

बाहेर गेल्यावर मी काय रिक्षांचे नंबर वाचणार होतो? पण मागे रांग होती, आणि तिने पुणेरी पद्धतीने घसे खाकरायला सुरुवात केली होती.

आता कोणी म्हणेल, चष्म्यावाचून काय अडलं, तूरडाळ तर डोळे मिटूनही ओळखता येते. पण मी तिथे तूरडाळ आणायला जातच नाही. म्हणजे यादी तीच असते, पण ते घरी सांगायचं निमित्त. मी जातो हिंडायला. बाहेर ऊन रणरणत असताना आत गार हवेत, कोणाच्या ‘काय देऊ?’ शिवाय, लोणच्यांच्या भिंतीपुढे उभं राहायचं. आवकाय, गोंगुरा, माइनमूळ, बांबूचं लोणचं. घ्यायचं एकही नाही, पण प्रत्येक बाटली फिरवून मागचं सगळं वाचायचं. आमच्या वाण्याकडे हे सुख नव्हतं. त्याने पुडी बांधून दोरा तोडला की व्यवहार संपला. पुडीचा कागद वाचायचा म्हटला तर त्यावर कोणाच्या तरी मुलाची सहामाहीची उत्तरपत्रिका असायची. (तीही मी वाचत असे.)

तर चष्म्याविना मी चटण्यांपाशी उभा. पाकिटावरची बारीक अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी चाललेली. मी पाकीट हात लांब करकरून धरतोय, हात संपला तरी अक्षर लागेना.

‘काय वाचायचंय?’

मागे एक गृहस्थ. पंचाहत्तरीचे असावेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात नातवाचे वाटावेत असे पोपटी बूट, आणि पुढ्यात ट्रॉली. पूर्ण रिकामी.

‘काही नाही, शेंगदाणा चटणीत साखर घातलीय का तेवढंच...’

त्यांनी पाकीट घेतलं आणि वरून सुरुवात केली. कंपनीचं नाव. पत्ता, पिनकोडसकट. तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधायचा ते. मग अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, आणि तो वाचून झाल्यावर बोटाने पुन्हा मोजला. ‘१४ अंक असावे लागतात. आहेत.’ साखर अजून यायची होती.

काका वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले निघाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बागेत कुत्री आहेत, म्हणून रोज सकाळी इथे डाळींपासून आइस्क्रीमपर्यंत फेऱ्या मारतात. ट्रॉली आधाराला. ‘शिवाय रिकामा माणूस दिसला की ती पोरं मागे मागे हिंडतात. ट्रॉली असली की गिऱ्हाईक.’

साखर होती. काकांनी पाकीट परत फळीवर ठेवलं. मला न विचारता. मग मी जे उचलीन ते काकांच्या हातात आणि तिथून फळीवर जाऊ लागलं. मल्टीग्रेन बिस्किटं: ‘घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिला कोण? मैदा. ओट्स खालून तिसरे. ठेवा.’ कॉफीची मोठी बरणी: ‘हे बघा, दर ग्रॅमची किंमत. आता छापावीच लागते. छोटीची बघा. मोठी महाग पडतेय! मोठं ते स्वस्त, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ मला आईने सांगितलं होतं, पण मी गप्प बसलो. बिस्किटं, चहा, तेल ठरावीक वजनातच विकायचं पूर्वी बंधन होतं, ते काढून टाकल्याचं दुःख तर त्यांना घरचं कोणी गेल्यासारखं झालेलं. मी सहज म्हणालो, बारकोड ८९० ने सुरू होतोय म्हणजे माल भारतातला. झालं! ८९० म्हणजे नंबर भारतातून घेतलाय, माल कुठूनही येऊ शकतो, हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की पापडांपाशी उभ्या बाईंनी आपला पापड उलटा करून पाहिला.

माझी ट्रॉलीही आता त्यांच्याइतकीच रिकामी झाली होती.

खरं सांगू का, राग मला काकांचा नाही. या दुकानदारीचा आहे. अमेरिकेत मेम्फिसला १९१६ साली ‘पिगली विगली’ नावाचं दुकान निघालं, तिथे गिऱ्हाइकाला पहिल्यांदा सांगितलं गेलं की आत या, हवं ते स्वतःच्या हाताने घ्या. आणि त्याच दुकानाच्या दाराला फिरता अडसरही बसवला होता. म्हणजे हात लाव म्हणायचं आणि हाताकडे बघत राहायचं, हे अगदी पहिल्यापासून. चालायचं. पण माझ्या मागच्या बाईंच्या खांद्यावर जी पर्स होती तिच्यात पाच किलो आटा सहज मावला असता. तिला सील नाही. पर्सला नसतंच. सील कापडी पिशवीला. म्हणजे संशय आकाराचा नाही, पिशवी चामड्याची की जुन्या चादरीची, याचा आहे. आणि चादरीची पिशवी शिवून आणा, प्लॅस्टिक वापरू नका, असा फलक त्याच दारावर, प्लॅस्टिकचा पट्टा मारणाऱ्याच्या डोक्याच्या वर. सामानाचे पैसे मोजून झाल्यावरही दारात बिलावर टिक मारून घ्यायची ती वेगळीच.

शेवटी तूरडाळ, साबण आणि काकांची नजर चुकवून घेतलेली ती चटणी घेऊन मी काउंटरला आलो. काका मागे होतेच.

‘सर, मोबाइल नंबर?’ काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

‘द्यायचा नाही!’ काका कडाडले. ‘मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने दुकानदारांना बजावलंय, नंबरची सक्ती करायची नाही.’

मी तोंड मिटलं. इतक्या वेळात कोणीतरी माझी बाजू घेतलेली ही पहिलीच वेळ.

‘सक्ती नाहीये काका,’ ती म्हणाली, ‘पॉइंट मिळतात म्हणून विचारलं.’

काका थांबले. माझ्याकडे, मग बिलाकडे पाहिलं. ‘यांनी नंबर नाही दिला तर ते वाया?’

‘हो.’

‘अन्नासारखं आहे, वाया घालवू नये. माझा टाक. घे, अठ्ठ्याण्णव...’

‘राहू द्या काका, पाठ आहे तुमचा,’ ती न बघता टाइप करत म्हणाली.